गाईडचा आवाज

५ जानेवारी

प्रिय ठमे,

एक बातमी देतो. हसू नकोस. हसायचंच असेल तर आधी पत्र पूर्ण वाच, म्हणजे एकदाच पोटभर हसता येईल.

मी क्लास लावला आहे. बावन्नाव्या वर्षी. तुझ्या वहिनीने विचारलं, “गुडघ्यांचा का?” गुडघ्यांचा नाही. गाण्यांचे व्हिडिओ कसे काढतात, त्याचा.

दर शनिवारी दुपारी, फरशांच्या दुकानावरच्या खोलीत तीन तास. शिकवणारा सव्वीस वर्षांचा आहे आणि भर उन्हात लोकरीची टोपी घालून बसतो. मी त्याला मास्तर म्हणतो, त्याला ते आवडत नाही, म्हणून मी जरा जास्तच म्हणतो. माझ्याशिवाय दहा विद्यार्थी आहेत. त्यांतल्या एकालाही अजून अक्कलदाढ आलेली नाही. हे मत नव्हे, व्यावसायिक निरीक्षण आहे. तीस वर्षं लोकांची तोंडं आतून पाहिली, आता एकदा बाहेरून पाहावीत म्हटलं.

पहिला धडा लिपसिंकचा. मला वाटायचं, गाणं लावायचं, ओठ हलवायचे, झालं. तसं नसतं म्हणे. गाणं मोठ्याने लावतात आणि समोरच्याने खरंच गायचं असतं, बेसूर का होईना, पण घसा ताणून. नुसते ओठ हलवले तर मानेची शीर फुगत नाही, आणि पाहणाऱ्याला कळतं की हा गात नाहीये, रवंथ करतोय. शिवाय प, फ, ब, भ, म आले की ओठ मिटलेच पाहिजेत. तिथे चुकलं की सगळं मुसळ केरात. हे मात्र मला कुणी शिकवायला नको. मी केलेली नवी कवळी डॉक्टरांनी बसवली की खुर्चीशेजारी उभा राहून मी पेशंटला हेच म्हणायला लावतो: “भोपळा, पपई, मामा.”

आता मुद्दा. प्रत्येकाने एक गाणं आणायचं आहे. ऐकून ऐकून चोथा झालेलं नको, असा मास्तरचा दंडक. मला आईचं शिवणाच्या टाक्यांचं गाणं आठवलं. ते नीट फक्त तुला येतं. माझ्या गळ्यात शिरलं की लंगडतं. तू म्हणून पाठवशील? ते फक्त ‘गाईड’ म्हणून लागेल. म्हणजे कच्चा आवाज. त्यावर ओठ जुळवून चित्रण करायचं, आणि मग तो काढून त्या जागी पक्क्या गायकाचा आवाज बसवायचा. कवळीचं नाही का, आधी मेणात दात लावून पाहतो आणि पक्की करताना मेण उकळून काढून टाकतो? तसंच.

फोन कर म्हणशील. नाही करणार. फोनवर आपण दोघंही खोटं बोलतो, पत्रात निदान हात दुखतो.

तुझा दादा

१६ जानेवारी

ती. दादास,

नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र बरंच आहे.

हसले. तू म्हणालास तसं शेवटी एकदाच, पण इतकं की काचेबाहेरच्या पेशंटना वाटलं मला काहीतरी झालं. हॉस्पिटलातली माझी काचेची खोली तुला माहीतच आहे, कपाटाएवढी. आठ ते चार तिच्यात बसून मी माइकमध्ये सांगते, “टोकन नंबर चौसष्ट, खोली नंबर तीन.” आवाज सगळ्या मजल्यांवर पोचतो, तोंड कुणालाच माहीत नाही. परवा कॅन्टीनमध्ये एक आजोबा रांग मोडून पुढे घुसले, त्यांना मी झापलं. तर म्हणतात कसे, “ती टोकनवाली बाई बघा किती गोड बोलते, नाहीतर तुम्ही!”

मी चहा घेऊन परत काचेत जाऊन बसले.

गाणं म्हटलंय. आमच्याकडे धुतलेल्या चादरींची खोली आहे, छतापर्यंत नुसत्या चादरी. तिथे आवाज घुमत नाही. जेवणाच्या सुट्टीत आत शिरले, दार लावलं आणि म्हटलं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा रडले, चौथ्यांदा जमलं. चौथं मेमरी कार्डावर घालून पाकिटात ठेवलंय, पाकीट फाडताना बेताने.

दादा, तुझी आई, माझी मावशी, जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून हे गाणं मी कुणापुढे म्हटलेलं नाही. ती शिवणाचं मशीन चालवता चालवता जुळवायची, पायाच्या ठेक्यावर, आणि माझ्याकडून म्हणून घ्यायची. तू तेव्हा अंगणात दगडाने माझ्या बाहुलीचे दात पाडत होतास. तेव्हापासूनच तुझा धंदा ठरला असावा.

तर अट अशी. क्लासच्या बाहेर हा आवाज जायचा नाही. काम झालं की पुसून टाकायचा. मेण उकळून काढतोस ना, तसा. तू आहेस म्हणून पाठवलं, दुसऱ्या कुणाला ओळसुद्धा ऐकवली नसती.

तुझी ठमी

११ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

कार्ड सुखरूप. क्लासमध्ये पहिल्यांदा लावलं तेव्हा मास्तरने टोपी काढली. त्याला केस आहेत हे त्या दिवशी कळलं.

“उसवली दुपार, तिला घालू किती टाके, सुईच्या गं डोळ्यातून आभाळ वाके.” एवढं झालं आणि त्या दहाही जणांचे हातातले फोन खाली गेले. याहून मोठी दाद त्या पिढीत नसते.

चेहरा म्हणून आमच्यातलीच एक मुलगी घेतली. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणतात. दिसायला गोड, स्वभाव सोन्याचा आणि आवाज फुटक्या पत्र्याचा. ती खरंच गाऊ लागली तेव्हा खालच्या दुकानातला माणूस वर येऊन विचारून गेला, फरशी कापताय का म्हणून. तिला ओठ शिकवायचं काम माझ्याकडे आलं. तोंडातला माणूस ना मी!

पंधरा दिवस तुझं गाणं मी इतकं ऐकलं की तू कुठे गिळतेस तेही मला पाठ झालं. बाकीचे शब्दांवर ओठ जुळवतात. मी म्हटलं, आधी श्वास जुळव. तू ‘आभाळ’च्या आधी चोरून एक अर्धा श्वास घेतेस. घेतेस ना? तोच श्वास मी तिला घ्यायला लावला, तिथेच, तेवढाच, खांदा न हलवता. झाली की मग ती जिवंत! मास्तर म्हणाला, “काका, हे पुस्तकात नाहीये.” मी म्हटलं, “पुस्तकाला दात नसतात.”

मग चित्रण. खिडकीशी जुनं शिवणयंत्र ठेवलं, समोर पांढरा पडदा लावून ऊन मऊ केलं. स्पीकरवर तू. दर वेळी सुरुवातीला मी एक टाळी वाजवायची. ती टाळी चित्रातही दिसते आणि आवाजातही ऐकू येते, मग दोन्ही एकावर एक ठेवून जुळवायचं. एकच ओळ लांबून, जवळून आणि बाजूने अशी तीनदा. कॉम्प्युटरवर तुझा आवाज लाटांसारखा दिसतो. तिचे ओठ त्या लाटांवर ठेवता ठेवता माझे डोळे गेले, पण एक केस जाईल एवढीही फट ठेवली नाही.

आता पक्की गायिका शोधायची आहे. मास्तर बघतोय.

तुझा दादा

२ मार्च

ती. दादास,

नमस्कार घे आणि बसून वाच.

मागच्या सोमवारी एक माणूस आईला घेऊन तपासणीला आला होता. चार तास बसला. जाताना माझ्या काचेवर टकटक केली आणि विचारलं, “मघापासून टोकन तुम्हीच सांगताय?” मला वाटलं तक्रार. तर तो रेकॉर्डिंगवाला निघाला. गाण्यांचा एक नवा संच करतोय म्हणे, आणि त्याला कोरा आवाज हवा आहे. कुणी कधी न ऐकलेला. “रोज हजार माणसं ऐकतात की,” मी म्हटलं. तो म्हणाला, “आकडे ऐकतात हो, आवाज कुठे ऐकतात?”

चोवीस तारखेला बोलावलंय, आवाज तपासायला. कुठलंही एक गाणं, साथीशिवाय.

दादा, सत्तेचाळीस वर्षांची बाई मी. लग्न झालं नाही, घर झालं नाही. जे काही झालं ते त्या कपाटाएवढ्या खोलीत. गाणं कधी होईल असं वाटलंच नव्हतं. घरी आले आणि आरशापुढे उभी राहून “टोकन नंबर सत्तेचाळीस, पुढे या” म्हणाले. वेडी म्हण मला.

मावशीचंच गाणं म्हणणार आहे. दुसरं कुठलं म्हणू? ते जगात कुणाकडे नाही, कोरं म्हणजे काय ते तेच. ते कार्ड पुसलंस ना? उगाच विचारते. पुसलं असशीलच.

काय नेसू, काय खाऊ, घसा कसा ठेवू, सगळं सविस्तर कळव. तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

तुझी ठमी

१० मार्च

प्रिय ठमे,

अभिनंदन! फार आनंद झाला. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण काम. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी एकदम दात पाडून घ्यायचं ठरवलेलं दिसतं.

घशाबद्दल: आदल्या दिवशी बोलणं कमी, गार पाणी बंद. कपडे नेहमीचेच घाल, नव्या कपड्यांत माणूस कपड्यांकडेच बघत बसतो. उभी राहून गा. आणि तो अर्धा श्वास बिनधास्त घे.

एकच सुचवतो. आईचं गाणं जरा घरगुती वाटतं का? म्हणजे उत्तम आहे, प्रश्नच नाही. पण अशा ठिकाणी सगळ्यांच्या ओळखीचं काहीतरी म्हटलेलं बरं, त्यांना तुलना करायला सोपं जातं. लहानपणी शाळेत म्हणायचीस त्यातलं एखादं बघ. विचार कर, आग्रह नाही. पण विचार कर.

क्लास संपत आला. विशेष काही नाही.

घाईत,
दादा

२७ मार्च

ती. दादास,

नमस्कार.

जाऊन आले. तुझं ऐकलं नाही, मावशीचंच म्हटलं.

रेकॉर्डिंगवाला होता आणि त्याच्याबरोबर चष्मा कपाळावर ठेवलेली एक बाई होती. मी उभी राहिले. पहिली ओळ झाली तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, आवडलं. दुसरी ओळ झाल्यावर त्याने हात वर करून थांबवलं. म्हणाला, “ताई, हे त्या व्हायरल पोरीचं गाणं ना?” त्या बाईने फोन काढून लावलंच. शिवणयंत्राशी बसलेली एक गोड मुलगी, पांढरं ऊन, आणि गाणं. चार लाख लोकांनी पाहिलंय म्हणे. खाली ‘आवाज’ म्हणून त्या मुलीचंच नाव.

बाई म्हणाली, “तुम्ही तिची हुबेहूब नक्कल करता. श्वाससुद्धा तिथेच घेता. कमाल आहे, पण आम्हाला नक्कल नको.” तो मात्र खरंच वाईट वाटल्यासारखा म्हणाला, “ताई, या वयात दुसऱ्याच्या आवाजात कशाला गाता? तुमचा स्वतःचा चांगला आहे, टोकनचा.”

मी आभार मानून बाहेर पडले. जिना उतरताना कठडा कुठल्या बाजूला आहे तेच कळेना.

मुलगी छान आहे रे. खाली तुझ्या क्लासचं नाव होतं, म्हणून समजलं. तुझीच ती चष्मेवाली असणार. क्लासमध्ये तिचा आवाज फुटका होता असं तू लिहिलं होतंस. तूच शिकवलंस ना तिला गायला? किती छान शिकवलंस.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. टोकन सांगताना मध्येच वाटलं, हेही मी कुणासारखं सांगत नाही ना?

ठमी

२ एप्रिल

ठमे,

मी तिला शिकवलं नाही. तो तुझा आवाज आहे. चादरींच्या खोलीतला, चौथा.

व्हिडिओतला आवाज तुझा आहे, हे मी यापूर्वी दोनदा लिहिलंय. एकदा सहा मार्चला, तुझं पत्र आलं त्या आठवड्यात, आणि एकदा आठ मार्चला. दोन्ही कागद कवळीच्या साच्यांसाठीच्या प्लास्टरच्या पिशवीखाली सरकवले आणि तुला ते घशाचं नि गार पाण्याचं पत्र धाडलं. ‘घरगुती’ हा शब्द लिहिताना मला माझीच किळस आली होती. तरी पाकिटाला जीभ लावून ते चिकटवलं. तुझ्या हातात चौदा दिवस होते आणि मला फक्त खरं बोलायचं होतं. तेवढं जमलं नाही.

कसं झालं ते सांगतो. सारवासारव नाही, तुला माहीत असावं म्हणून.

पक्की गायिका मिळाली होती. तिचा आवाज बसवून पाहिला, तर गाणं मेलं. ओठ जुळत होते, श्वास जुळेना. मास्तर म्हणाला, गाईडच ठेवू. मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, “बघू.” त्याने तुझा आवाज जरा वरच्या पट्टीत चढवला, मुलीच्या वयाला शोभावा म्हणून. मग क्लासमध्ये सगळ्यांना दाखवलं. संपल्यावर त्याच दिवशी नव्याने आलेला, शेवटच्या बाकावरचा एक जण चष्मेवालीला म्हणाला, “तू एवढी गातेस, मग बोलताना का तसं बोलतेस?”

ठमे, त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो सांगायचीही लाज वाटते. तीस वर्षांत माझी सगळ्यात चांगली कवळी कुठली माहितीये? जी पाहून शेजारीण म्हणते, “तुमचे दात अजून किती छान राहिलेत हो!” कवळी आहे हे कुणाला कळलं की आमचं काम फसलं. मला वाटलं, हे तसंच. फट सापडत नाही, म्हणजे कारागिरी झाली. तुझं नाव सांगितलं असतं तर फट दिसली असती. दात खरे वाटावेत म्हणून ज्याचं तोंड ते माणूसच मी खोडलं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. किंवा आलं, आणि मी त्याला बसायला जागा दिली नाही.

व्हिडिओखाली द्यायच्या नावांच्या पाटीवर ‘आवाज’पुढची जागा रिकामी होती. मास्तर म्हणाला, “काका, काय टाकू?” त्या मुलीचं नाव मी सांगितलं. मी. तिने नाही. ती बिचारी “काका, नको ना” म्हणत होती. मग मास्तरने ते क्लासच्या जाहिरातीसाठी बाहेर टाकलं. मला वाटलं, चाळीस जण पाहतील, त्यातले वीस नातेवाईक.

तू तिथे उभी राहिलीस आणि त्यांनी तुला तुझीच नक्कल म्हटलं. हे वाचल्यापासून मी कामाला हात लावलेला नाही. मेण वितळायला ठेवतो आणि बघत बसतो.

माफी मागत नाही. मागितली की ती द्यायचं काम पुन्हा तुझ्याच अंगावर पडेल.

दादा

९ एप्रिल

दादा,

मला माहीत होतं.

त्या बाईच्या फोनवर मी तो व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला नाही. वीस मार्चला, माझ्याच काचेबाहेर, एका पोटुशा बाईच्या फोनवर पाहिला. दिवसातून दोनशे वेळा माझा आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून माझ्याच डोक्यावर पडतो. पट्टी चढवून, पावडर लावून आणला म्हणून मी त्याला ओळखणार नाही असं वाटलं तुला? ती बाई म्हणाली, “किती गोड गाते ना ही?” मी म्हटलं, “हो. टोकन नंबर बावीस.”

तेव्हा तुझं ‘घरगुती’ काय होतं ते कळलं. आणि म्हणूनच चोवीसला मुद्दाम तेच गाणं म्हटलं. म्हटलं, चार लाख लोकांनी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलंय, दोघांनी तरी माझ्या तोंडून ऐकावं.

त्यांनी नक्कल म्हटलं तेव्हा मला एका वाक्यात सांगता आलं असतं, “तो आवाज माझाच आहे.” ते वाक्य इथे, दातांपर्यंत आलं होतं. पण पुढचा प्रश्न आलाच असता, मग हे केलं कुणी? माझ्या मावशीच्या मुलाने, असं मी त्या परक्या लोकांना सांगायचं? तोंड उघडलं आणि मिटलं. ओठ हलले, आवाज नाही. तुझ्या क्लासमध्ये त्याला काय म्हणतात, मला माहीत नाही.

याचा मला तुझ्याइतकाच माझाही राग येतो. चोरी तुझी, आणि झाकून ठेवली मी, तेही माझं एकुलतं एक गाणं त्यावर पांघरून. तुझ्यावर माया आहे म्हणून केलं असं म्हणणार होते. आता वाटतं सवयीने केलं. लहानपणी बाहुलीचे दात तू पाडलेस तेव्हाही मावशीला “पडली हातातून” असं मीच सांगितलं होतं.

मागच्या पत्रात मी विचारलं होतं, तूच शिकवलंस ना तिला? ते भोळेपणाने विचारलं नव्हतं. तुझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. तू नुसतं “हो” म्हणाला असतास तर हे पत्र तुला आलं नसतं. कुठलंच आलं नसतं.

तू “हो” म्हणाला नाहीस. त्याचं मी काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही. बरं वाटलं, एवढं सांगते. माफ केलं असं नाही.

एक काम कर. त्या रेकॉर्डिंगवाल्याकडे जा. पत्ता मागे लिहिलाय. मला ते काम परत मिळावं म्हणून नको जाऊस, ते गेलं. त्याला वाटतंय मी नक्कल करणारी बाई आहे. तो एकटा माणूस मला त्या काचेतून ओळखून आला होता, त्याच्या डोक्यात मला तसं राहायचं नाही. मी बरोबर येणार नाही. माझ्यादेखत तू चार शब्द जास्त बोलशील, आणि मी पुन्हा तुला सांभाळून घेईन.

ठमी

२६ एप्रिल

ठमे,

आधी क्लासचं. पाटी बदलली. मास्तर म्हणाला, “काका, आता कोण बघतंय?” खरंच कुणी बघितलं नाही. चार लाखांतल्या नऊ जणांनी विचारलं, “मग ही कोण?” बाकीचे पुढच्या गाण्यावर गेलेत. नाव खोडायला मला एक क्षण लागला आणि परत लिहिलं तेव्हा जगाला फरक पडला नाही, हीच माझी शिक्षा दिसते. चष्मेवालीला मात्र पडला. तिला कुणीतरी गायला बोलावलं होतं आणि ती आठ दिवस खोकल्याचं नाटक करत होती. माझ्या गळ्यात पडून रडली. तिलाही मी यात ओढलं होतं, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. तिची वेगळी माफी मागितली.

काल रेकॉर्डिंगवाल्याकडे गेलो. तिसरा मजला. तू ज्या जिन्यावर कठडा शोधत होतीस तो जिना चढलो. कठडा डाव्या बाजूला आहे.

त्याने बसा म्हटलं. मी उभा राहिलो. वाटेत भाषण पाठ केलं होतं, कारागिरी, कवळी, सगळं. खोलीत गेल्यावर ते सगळं सोडून दिलं. शेवटी एवढंच बोललो: “चोवीस मार्चला एक ताई आल्या होत्या. त्यांनी नक्कल केली नाही. व्हिडिओतला आवाज त्यांचा आहे. तो न विचारता मी वापरला आणि नाव दुसऱ्याचं लावलं. मी त्यांचा मावसभाऊ.” तुझं कार्ड त्याच्या टेबलावर ठेवलं. ते मी कधी पुसलंच नव्हतं. हेही तुला आत्ता सांगतोय.

त्याने कार्ड लावून ऐकलं. पट्टी न चढवलेला, चादरींमधला तुझा आवाज. पूर्ण ऐकलं, मध्ये हात वर केला नाही. मग मला विचारलं, “त्या दिवशी त्या बोलल्या का नाहीत?”

“माझ्यामुळे.”

त्यावर त्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी लिहीत नाही. ते माझ्याकडेच राहू दे.

त्या संचासाठी दुसरी गायिका घेतली आहे. तुझं म्हणणं बरोबर होतं, ते गेलं. त्याने कार्ड काढून परत माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाला, पुढे आणखी एक काम आहे, कोऱ्या आवाजाचा हट्ट तिथे नाही. आणि मला विचारलं, “काय वाटतं तुम्हाला, येतील का त्या?”

“येईल की, न येऊन जाईल कुठे? मी सांगतो तिला.” हे उत्तर माझ्या जिभेवर तयारच होतं. ठमे, इतकं तयार होतं की ओठ हललेही असतील.

मी ते गिळलं.

“मला नका विचारू,” मी म्हटलं. “त्यांना विचारा.”

दादा